दगडांतून बोलणारा माणूस : फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स

पनवेल तालुक्यातील बेलपाडा हे एकेकाळचे छोटे गाव आता खारघरच्या उंच इमारतींनी वेढले गेले आहे. गावाच्या नावाचे मेट्रो स्थानकही झाले आहे. येथून रोज सकाळी हजारो नोकरदार खारघर किंवा बेलापूर गाठतात, हार्बर मार्गाची गाडी पकडतात, वाशीची खाडी ओलांडतात आणि तासाभराने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरतात. फलाटावरून बाहेर पडणाऱ्या या गर्दीला मान वर करून पाहायला सवड नसते. तरीही तिच्या डोक्यावर एक घुमट असतो, भिंतींवर दगडी मोर, माकडे, पाने-फुले आणि माणसांचे चेहरे असतात. रस्ता ओलांडला की महापालिकेचा मनोरा दिसतो. चर्चगेटच्या दिशेने गेले तर पश्चिम रेल्वेच्या मुख्यालयाचे घुमट नजरेत भरतात आणि महात्मा गांधी मार्गावर एका जुन्या ब्रिटिश बँकेची भारदस्त वास्तू उभी असते. या साऱ्या वास्तूंना जोडणारा दुवा एकच माणूस आहे. त्याच्या वास्तू जगभर ओळखल्या जातात. त्याचे नाव मात्र त्या वास्तूंमध्ये आयुष्य घालवणाऱ्या मुंबईकरांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असते. तो माणूस म्हणजे फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स.

स्टीव्हन्स यांचा जन्म ११ नोव्हेंबर १८४७ रोजी इंग्लंडमधील बाथ या शहरात झाला. रोमन काळापासून गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेले हे शहर जवळजवळ पूर्णपणे एकाच प्रकारच्या, मधाच्या रंगाच्या दगडात बांधलेले आहे. दगडाचा रंग, त्याचा पोत, त्यावर पडणारे ऊन यांचे संस्कार अशा गावात वाढणाऱ्या मुलावर आपोआप होत असणार. शालेय शिक्षण आटोपल्यावर १८६२ साली, वयाच्या पंधराव्या वर्षाच्या आसपास, तो बाथमधीलच चार्ल्स डेव्हिस या वास्तुविशारदाकडे उमेदवारी करू लागला. त्या काळी वास्तुकला महाविद्यालयात शिकण्यापेक्षा अशी उमेदवारी करूनच शिकली जाई. मोजमापे घेणे, आराखड्यांच्या नकला काढणे, गवंड्यांवर देखरेख ठेवणे, हिशेब तपासणे हेच शिक्षण आणि हीच परीक्षा. पाच वर्षांच्या या उमेदवारीनंतर स्टीव्हन्स यांनी हिंदुस्थानातील सार्वजनिक बांधकाम खात्याची निवड परीक्षा दिली. ते उत्तीर्ण झाले आणि १८६७ साली या देशात आले. तेव्हा त्यांच्या वयाला वीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. त्यांची पहिली नेमणूक पुण्यास झाली. पुढे लवकरच त्यांना मुंबईस बोलावून घेण्यात आले.

ही मुंबई नुकतीच एका मोठ्या उलथापालथीतून बाहेर पडत होती. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि तेथून इंग्लंडच्या गिरण्यांना होणारा कापसाचा पुरवठा थांबला. लँकेशायरच्या गिरणीमालकांना हिंदुस्थानी कापसाची निकड भासू लागली आणि मुंबईत पैशाचा पूर आला. त्या पैशाच्या जोरावर बँका, वित्तसंस्था आणि समुद्र हटवून जमीन निर्माण करणाऱ्या कंपन्या पावसाळ्यातील छत्र्यांसारख्या उगवल्या. १८६५ साली अमेरिकेतील युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले आणि हा सारा डोलारा ढासळला. धनाढ्य व्यापारी दिवाळखोरीत निघाले. सरकारचा वरदहस्त असलेली बँक ऑफ बॉम्बेही त्या वादळातून वाचली नाही. ती गुंडाळावी लागली आणि १८६८ मध्ये नव्या भांडवलावर तिची पुन्हा स्थापना करावी लागली.

याच काळात गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनी किल्ल्याची जुनी तटबंदी पाडून टाकली होती. जुन्या, गजबजलेल्या कोट विभागाभोवती एकाएकी मोकळी जागा उपलब्ध झाली. तेथे उच्च न्यायालय, विद्यापीठ, सचिवालय, तार कार्यालय अशा वास्तूंची रांग उभी राहू लागली. या वास्तूंची शैली होती गॉथिक. टोकदार कमानी, उंच निमुळते मनोरे, रंगीत दगडांचे पट्टे आणि कोरीव कामाची रेलचेल ही या शैलीची लक्षणे. युरोपातील मध्ययुगीन चर्चवास्तूंपासून स्फूर्ती घेतलेली ही शैली व्हिक्टोरिया राणीच्या काळात इंग्लंडमध्ये पुन्हा लोकप्रिय झाली होती. मुंबईत पैसा बुडाला होता, परंतु बांधकामांची योजना थांबली नव्हती. पडझडीनंतर शहराला आपली पत नव्याने उभी करायची होती आणि त्यासाठी दगडाइतके विश्वासाचे दुसरे माध्यम नव्हते. या घडीला स्टीव्हन्स येथे आले, हा त्यांच्या आयुष्यातील पहिला भाग्ययोग म्हणावा लागेल.

सरकारी खात्यात कनिष्ठ अभियंता म्हणून वावरत असताना त्यांना पहिली मोठी संधी मिळाली ती रॉयल अल्फ्रेड सेलर्स होमच्या रूपाने. राणीचे चिरंजीव, ड्यूक ऑफ एडिंबरो, १८७० मध्ये मुंबईस आले होते. त्या भेटीची आठवण म्हणून बंदरावर उतरणाऱ्या खलाशांसाठी एक निवासस्थान बांधण्याचे ठरले. बडोद्याचे महाराज खंडेराव गायकवाड यांनी त्यासाठी दोन लाख रुपयांची देणगी दिली. १८७२ ते १८७६ या काळात ही वास्तू उभी राहिली. तिच्या दर्शनी त्रिकोणी भागावर समुद्रदेव नेपच्यूनचे शिल्प आहे. खलाशी हा त्या काळच्या समाजात उपेक्षित आणि काहीसा बदनाम घटक. त्याच्या मुक्कामाची जागा इतकी देखणी असावी, हा विचारच नवा होता. पुढे या वास्तूचा उपयोग बदलला. मुंबई इलाख्याच्या आणि नंतर महाराष्ट्राच्या विधिमंडळाचे कामकाज अनेक वर्षे येथे चालले. विधिमंडळ नरिमन पॉइंटला गेल्यावर येथे राज्याच्या पोलीस दलाचे मुख्यालय आले. खलाशांसाठी बांधलेल्या घरात कायदे संमत झाले आणि नंतर कायद्याचे रक्षक आले. चांगली वास्तू आपल्या मूळ मालकापेक्षा दीर्घायुषी ठरते, याचे हे उत्तम उदाहरण.

या कामामुळे तिशीच्या आतच स्टीव्हन्स यांचे नाव झाले. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेला तेव्हा बोरीबंदर येथे नवे स्थानक आणि कंपनीचे मुख्यालय बांधायचे होते. १६ एप्रिल १८५३ रोजी देशातील पहिली प्रवासी गाडी ठाण्याकडे निघाली ती याच बोरीबंदरावरून. पण तेथील जुने स्थानक वाढत्या कारभाराला अपुरे पडत होते. कंपनीने सरकारकडून स्टीव्हन्स यांच्या सेवा मागून घेतल्या. आराखडे करण्यापूर्वी त्यांनी सुमारे दहा महिने युरोपात फिरून तेथील मोठी रेल्वे स्थानके पाहिली. लंडनचे सेंट पँक्रास स्थानक आणि त्याला जोडलेले सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचे हॉटेल तेव्हा नवेच होते. त्याची छाप मुंबईच्या स्थानकावर पडली, असे तज्ज्ञ मानतात. तथापि स्टीव्हन्स यांनी नक्कल केली नाही. स्कॉट यांच्या वास्तूला घुमट नाही. स्टीव्हन्स यांनी मात्र आपल्या गॉथिक वास्तूच्या मध्यभागी अष्टकोनी दगडी घुमट चढवण्याचे ठरवले. गॉथिक शैलीचा आत्मा मनोऱ्यात असतो. त्यात घुमट बसवणे हे धाडसच होते. ते साधले नसते तर सारी वास्तू विद्रूप दिसली असती. ते साधले आणि या देशाच्या नजरेला तो घुमट परका वाटला नाही, हेही तितकेच महत्त्वाचे.

१८७८ च्या मे महिन्यात काम सुरू झाले. त्याच वर्षी अ‍ॅक्सल हेग या स्वीडनमध्ये जन्मलेल्या कुशल चित्रकाराने नियोजित वास्तूचे एक जलरंगचित्र तयार केले. वास्तू प्रत्यक्षात येण्यापूर्वी जगाने तिला पाहिले ते या चित्रातून. ते चित्र आणि आजची वास्तू शेजारी ठेवून पाहिली, तर स्टीव्हन्स यांच्या मनातील कल्पना किती नेमकेपणाने दगडात उतरली याचा प्रत्यय येतो.

वास्तूचा आराखडा इंग्रजी सी अक्षरासारखा आहे. मध्ये चौक आणि दोन बाजूंस दोन पंख. मधल्या भागावर घुमट आणि त्याखाली आधाराच्या खांबांवाचून भिंतीतून पुढे आलेल्या पायऱ्यांचा भव्य जिना. घुमटाच्या शिखरावर प्रगतीचे प्रतीक असलेली स्त्रीमूर्ती आहे. प्रवेशद्वाराच्या दोन खांबांवर ब्रिटनचा सिंह आणि हिंदुस्थानचा वाघ बसले आहेत. या प्रतिमांमागे साम्राज्याचा अभिमान आहे, हे उघड आहे. रेल्वे म्हणजे प्रगती आणि ती आणणारे राज्यकर्ते म्हणजे उपकारकर्ते, असा त्यांचा सांगावा होता. तिकीटघराच्या छतावर निळ्या रंगात सोनेरी तारे रेखले गेले आणि म्हणून त्या दालनाला स्टार चेंबर असे नाव पडले. तिसऱ्या वर्गाचे तिकीट काढणारा खेडूत आणि पहिल्या वर्गाचा साहेब यांच्यातील भेद डब्यांत कायम राहिला. परंतु ते तारे पाहण्यासाठी वेगळे तिकीट लागत नव्हते.

या वास्तूच्या श्रेयाची विभागणी करताना एकट्या स्टीव्हन्स यांचे नाव घेणे अन्यायाचे ठरेल. सीताराम खंडेराव वैद्य हे सहायक अभियंता म्हणून या कामावर होते, तर माधवराव जनार्दन यांच्याकडे देखरेखीची जबाबदारी होती. गाड्यांच्या फलाटांवरील छताचे काम रेल्वेचे अभियंते विल्सन बेल यांच्याकडे होते. मोठी शिल्पे टॉमस अर्प या इंग्लिश शिल्पकाराची. पण खांबांच्या माथ्यांवरील पाने-फुले, पक्षी, प्राणी, जाळ्या यांचे असंख्य नमुने मुंबईच्या सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेतील विद्यार्थ्यांनी आपले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांच्या मार्गदर्शनाखाली तयार केले. हे तेच ग्रिफिथ्स, ज्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या लेण्यांतील चित्रांच्या नकला करण्याचे प्रचंड काम केले. मध्ययुगीन युरोपातील चर्चच्या भिंतींवर तेथील कारागिरांनी आपल्या परिसरातील झाडे-पाने कोरली होती. मुंबईच्या कारागिरांनी येथील मोर, माकड, नाग आणि वेली कोरल्या. परदेशी सांगाड्यात देशी जीव शिरला तो या हातांमुळे. स्टीव्हन्स यांचे मोठेपण असे की त्यांनी या हातांना मोकळीक दिली. इंग्लंडमधून तयार कोरीव दगड मागवणे त्यांना अशक्य नव्हते. येथील शाळेवर विसंबून राहणे हा निर्णय होता आणि तो त्यांनी पुढच्या कामांतही पाळला.

येथील हवामानाचेही भान त्यांना होते. उंच छते, रुंद व्हरांडे, समोरासमोरच्या खिडक्या आणि खोल कमानी यांमुळे ऊन आत येत नाही आणि समुद्रावरचा वारा खेळता राहतो. पावसाळ्यात कोसळणाऱ्या पाण्याला वाट काढून देण्यासाठी छपराच्या कडेला प्राण्यांची मुखे असलेल्या दगडी पन्हाळी बसवल्या. मुंबईचा पाऊस ज्याने अनुभवला आहे, त्याला ही केवळ शोभा वाटणार नाही.

हे काम दहा वर्षे चालले आणि त्यावर सुमारे १६ लाख १४ हजार रुपये खर्च झाले. १८८२ च्या आरंभी स्थानक प्रवाशांसाठी खुले झाले. १८८७ मध्ये राणीच्या कारकिर्दीला पन्नास वर्षे झाली, तेव्हा त्याला व्हिक्टोरिया टर्मिनस असे नाव देण्यात आले. उरलेसुरले काम १८८८ मध्ये पुरे झाले. दर्शनी भागावरचा राणीचा पुतळा स्वातंत्र्यानंतर हलवण्यात आला. १९९६ मध्ये स्थानकाला छत्रपती शिवाजी टर्मिनस हे नाव मिळाले आणि २०१७ मध्ये त्यात महाराज हा शब्द जोडला गेला. २००४ साली युनेस्कोने या वास्तूची जागतिक वारसास्थळ म्हणून नोंद केली. नावे बदलली, राज्ये बदलली, पण वास्तू रोज लाखो प्रवाशांच्या पायांखाली झिजत, तरीही काम करत उभी राहिली. वापरात असलेले असे वारसास्थळ जगात विरळाच.

स्थानकाचे काम चालू असतानाच, १८८४ मध्ये, स्टीव्हन्स यांनी आपल्या आयुष्यातील सर्वांत धोक्याचा निर्णय घेतला. त्यांनी सरकारी नोकरी सोडली आणि स्वतंत्र व्यवसाय सुरू केला. वय छत्तीस. निश्चित पगार, बढती आणि अखेरीस इंग्लंडमध्ये निवांतपणे निवृत्तिवेतन खाण्याची सोय हे सारे सोडून एका परक्या शहरात, तेही चढउतारांसाठी बदनाम असलेल्या व्यापारी शहरात, ग्राहकांच्या भरवशावर राहणे सोपे नव्हते. त्या काळी मुंबईतील बहुतेक मोठ्या वास्तू सरकारी अभियंत्यांनी बांधल्या होत्या किंवा इंग्लंडमध्ये बसलेल्या वास्तुविशारदांनी तेथूनच आराखडे धाडले होते. विद्यापीठाचे सभागृह आणि राजाबाई मनोरा ज्यांच्या कल्पनेतून साकारला, ते सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट मुंबईत कधी आलेच नाहीत. स्टीव्हन्स यांनी मात्र मुंबई हेच आपले घर मानले. १८८९ मध्ये त्यांना सी. आय. ई. हा किताब मिळाला.

त्यांचे पुढचे मोठे काम त्यांना सहजासहजी मिळाले नाही. वाढत्या महापालिकेला स्वतःची वास्तू हवी होती. व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांच्या हस्ते डिसेंबर १८८४ मध्ये तिची कोनशिला बसवण्यात आली. रिपन हे स्थानिक स्वराज्याचे पुरस्कर्ते. त्यामुळे कोनशिलेला निराळाच अर्थ होता. पण नंतर काही वर्षे घोळ चालला. एकीकडे मद्रास आणि बडोद्यात नावारूपाला आलेल्या रॉबर्ट फेलोज चिझम यांचा आराखडा होता. त्यांची शैली मोगल-राजपूत घाटाची, म्हणजे इंडो-सारसेनिक म्हणून ओळखली जाणारी. दुसरीकडे स्टीव्हन्स यांचा गॉथिक. अखेर निर्णय स्टीव्हन्स यांच्या बाजूने झाला. या वादात केवळ दोन वास्तुविशारदांची स्पर्धा नव्हती. मुंबईचा चेहरा कसा असावा, हा प्रश्न त्यामागे होता. देशी घाटाची वास्तू परकीय राज्यकर्त्याने आखली म्हणून ती देशी होते काय, आणि गॉथिक वास्तू येथील हातांनी घडवली तर ती परकीय राहते काय, हे प्रश्न तेव्हाही सोपे नव्हते आणि आजही नाहीत. स्टीव्हन्स यांनी त्यावर तडजोडीचा मार्ग काढला. त्यांच्या महापालिका भवनात टोकदार कमानी आहेत, तसेच घुमटही आहेत. मधल्या भागावर पंख पसरलेली एक आकृती उभी आहे. मुंबई ही हिंदुस्थानातील अग्रगण्य नगरी आहे, या अभिमानाचे ती प्रतीक आहे.

हे बांधकाम १८८९ मध्ये सुरू झाले आणि १८९३ मध्ये पूर्ण झाले. कंत्राटदार होते व्यंकू बाळाजी कालेवार. सुमारे १२ लाख रुपयांचे हे काम मंजूर रकमेच्या आत पूर्ण झाले, ही बाब आजच्या वाचकाला दंतकथेसारखी वाटेल. त्या काळच्या मुंबईतील बांधकामांवर राबणारे बहुसंख्य मजूर तेलुगू भाषक कामाठी होते. कामाठीपुरा या वस्तीचे नाव त्यांच्यावरूनच पडले. शहराच्या भव्य वास्तू ज्यांच्या घामावर उभ्या राहिल्या, त्यांच्या वस्तीकडे शहराने पुढे कोणत्या नजरेने पाहिले, हे सर्वांना ठाऊक आहे.

महापालिकेनंतर स्टीव्हन्स यांच्या शैलीत उघड बदल दिसतो. बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेच्या चर्चगेट येथील मुख्यालयाचे काम १८९४ मध्ये सुरू झाले आणि १८९९ मध्ये संपले. काळसर निळ्या बसाल्टच्या भिंती, त्यांवर पोरबंदरच्या पांढऱ्या दगडाचे पट्टे आणि माथ्यावर गोलाकार घुमट. येथे गॉथिकची टोके मवाळ झाली आहेत आणि पूर्वेकडचे घाट ठळक झाले आहेत. दर्शनी माथ्यावर अभियांत्रिकीचे प्रतीक असलेली मूर्ती आहे. तिच्या हाती रेल्वेचे इंजिन आहे. व्हिक्टोरिया टर्मिनसवरील मूर्ती प्रगती या अमूर्त कल्पनेची होती. वीस वर्षांनंतर स्टीव्हन्स यांच्या वास्तूवरची मूर्ती चक्क इंजिन हाती घेऊन उभी राहिली. आज ही वास्तू पश्चिम रेल्वेचे मुख्यालय आहे.

मोठ्या वास्तूंच्या गर्दीत त्यांचे एक छोटे काम सहसा विसरले जाते. कोट विभागात त्यांनी १८९२ ते १८९४ च्या सुमारास रतनसी मुळजी जेठा या व्यापाऱ्यासाठी एक कारंजे आखले. रतनसी यांचा मुलगा धरमसी लहान वयात गेला होता. त्याची आठवण म्हणून माणसांना आणि जनावरांना पाणी मिळावे, ही पित्याची इच्छा. या कामातही ग्रिफिथ्स आणि कलाशाळा सोबत होती. कारंज्यावर प्राण्या-पक्ष्यांची शिल्पे आहेत आणि शिखरावर पुस्तक वाचत असलेला मुलगा आहे. रेल्वे कंपन्यांचा अभिमान आणि महापालिकेचा दिमाख दगडात उतरवणाऱ्या या माणसाने एका बापाचे दुःखही तितक्याच आस्थेने दगडात उतरवले. बरीच वर्षे दुर्लक्षित राहिलेल्या या कारंज्याची अलीकडच्या काळात डागडुजी करण्यात आली.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्टीव्हन्स यांच्याकडे चार्टर्ड बँक ऑफ इंडिया, ऑस्ट्रेलिया अँड चायना या बँकेचे काम आले. १८५३ मध्ये राजसनदेने स्थापन झालेली ही बँक १८५८ पासून मुंबईत व्यवहार करीत होती. तिचे संस्थापक जेम्स विल्सन पुढे हिंदुस्थान सरकारचे पहिले अर्थमंत्री झाले. १८६५ च्या पडझडीत अनेक बँका लयास गेल्या, पण ही टिकली. १९६९ मध्ये स्टँडर्ड बँकेशी तिचे विलीनीकरण झाले आणि आज ती स्टँडर्ड चार्टर्ड या नावाने ओळखली जाते. तेव्हाच्या एस्प्लनेड रोडवरील, म्हणजे आजच्या महात्मा गांधी मार्गावरील तिची वास्तू पाहणाऱ्यास ती स्टीव्हन्स यांची आहे यावर सहजी विश्वास बसत नाही. येथे टोकदार कमानींचा कल्लोळ नाही. खांब, प्रमाणबद्ध खिडक्या आणि माथ्यावरचा त्रिकोणी शिल्पपट असा ग्रीक-रोमन घाटाचा शांत, भारदस्त बाज आहे.

हा फरक केवळ बदलत्या आवडीचा नव्हता. रेल्वे स्थानकात माणसे येतात आणि जातात. तेथे आश्चर्य, उत्साह आणि गती यांना जागा असते. बँकेत माणूस आपली आयुष्यभराची पुंजी ठेवतो. त्याला आश्चर्याची नव्हे, खात्रीची गरज असते. ज्या शहराने एका रात्रीत बँका बुडताना पाहिल्या होत्या, त्या शहरातील बँकेला सर्वप्रथम स्थैर्य दाखवायचे होते. जुन्या ग्रीक देवळांचा घाट जगभरच्या बँकांनी निवडला तो त्यासाठीच. देऊळ जसे पिढ्यान्पिढ्या हलत नाही, तशी आपली तिजोरीही हलणार नाही, असे ती वास्तू न बोलता सांगते. प्रत्येक संस्थेला तिचा स्वतःचा चेहरा हवा असतो, हे स्टीव्हन्स यांनी ओळखले होते. खलाशांच्या घराला समुद्रदेव, रेल्वेला प्रगती, नगरपालिकेला नगरदेवता आणि बँकेला स्तंभांची शांत रांग. एका शैलीच्या आहारी न जाता त्यांनी प्रत्येक वेळी आधी त्या वास्तूचे काम काय आहे हे विचारले. त्यांच्या यशाचे मर्म येथे आहे.

अखेरच्या वर्षांत त्यांच्या कामाचा व्याप मुंबईबाहेरही गेला होता. नैनिताल येथील गव्हर्नरच्या निवासस्थानाचा आराखडा त्यांचाच. १८९७ मध्ये सुरू झालेले ते काम १९०० च्या मार्चमध्ये पूर्ण झाले. आज तेथे उत्तराखंडच्या राज्यपालांचे निवासस्थान आहे. मात्र त्याच महिन्यात, ३ मार्च १९०० रोजी, स्टीव्हन्स यांचे मुंबईत हिवतापाने निधन झाले. वय अवघे बावन्न. शिवडीच्या दफनभूमीत त्यांना चिरविश्रांती देण्यात आली. मुंबईची ती वर्षे मोठ्या संकटाची होती. १८९६ मध्ये आलेल्या प्लेगने शहर निम्मे ओस पडले होते आणि डासांमुळे पसरणारा हिवताप तर या दलदलीच्या बेटांचा जुना रहिवासी होता. मलेरियाचा प्रसार डासांमार्फत होतो, हे रोनाल्ड रॉस यांनी याच देशात, सिकंदराबादेस, १८९७ मध्ये सिद्ध करण्याच्या दिशेने निर्णायक पाऊल टाकले होते. त्या ज्ञानाचा उपयोग होण्याआधीच स्टीव्हन्स यांना हिवतापाने गाठले.

त्यांचा मुलगा चार्ल्स याने वडिलांचा व्यवसाय पुढे चालवला. १९३३ मध्ये कुलाब्यात उघडलेले रीगल चित्रपटगृह हे चार्ल्स यांचे गाजलेले काम. तेथे गॉथिकचा लवलेशही नाही. सिमेंट-काँक्रीटच्या सरळ रेषा आणि आर्ट डेको शैलीचा नवा थाट आहे. बापाने रेल्वेप्रवाशांसाठी ताऱ्यांचे छत बांधले आणि मुलाने सिनेमाच्या प्रेक्षकांसाठी अंधाराचे दालन. ओव्हल मैदानाच्या एका बाजूच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि दुसऱ्या बाजूच्या आर्ट डेको वास्तूंना २०१८ मध्ये युनेस्कोने एकत्रितपणे जागतिक वारसा म्हणून गौरवले. त्या दोन शैलींमधले अंतर स्टीव्हन्स यांच्या घरात एका पिढीत पार झाले होते.

वास्तुविशारदाचे दैव चमत्कारिक असते. लेखकाचे नाव पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर असते, चित्रकार कोपऱ्यात सही करतो. वास्तूच्या कोनशिलेवर बहुधा बांधणाऱ्याचे नव्हे, तर शिला बसवणाऱ्या पाहुण्याचे नाव ठळक असते. लॉर्ड रिपन यांचे नाव इतिहासाच्या पुस्तकांत आहे. सीताराम खंडेराव वैद्य, माधवराव जनार्दन, व्यंकू कालेवार आणि मोर-माकडे कोरणारे अनाम विद्यार्थी मात्र अभ्यासकांच्या टिपणांत उरले आहेत. स्टीव्हन्स त्या दोहोंच्या मधे कुठेतरी आहेत. साम्राज्याच्या गौरवासाठी त्यांनी बांधलेल्या वास्तूंत आज स्वतंत्र देशाचे प्रवासी, नगरसेवक, पोलीस अधिकारी आणि बँकेचे कर्मचारी रोज काम करतात. साम्राज्य गेले, वास्तू राहिल्या, कारण त्या अखेर साम्राज्याच्या नव्हे, शहराच्या कामी आल्या.

देशातील पहिल्या विजेवर चालणाऱ्या गाडीने ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला हे अंतर कापले, ते याच हार्बर मार्गावरून. तो मार्ग पुढे खाडी ओलांडून पनवेलपर्यंत गेला आणि बेलपाड्यासारखी गावे या घुमटाशी जोडली गेली. संध्याकाळी परतीची गाडी सुटायला दोन-चार मिनिटे असली, तर त्या गर्दीतील एखाद्याने क्षणभर मान वर करून घुमटाकडे पाहावे. बाथहून आलेल्या एका तरुणाने बावन्न वर्षांच्या आयुष्यातील तेहेतीस वर्षे या देशाला दिली आणि शेवटी इथल्याच मातीला तो मिळाला. त्याच्या स्मरणासाठी एवढी उजळणी पुरेशी आहे.